जाहीरनाम्यातले ‘सर्व लोक’

दलित आत्मकथनांविषयी लिहिताना आपल्याकडील प्रस्थापित समीक्षेने एक शब्द फार सढळ हाताने वापरला आहे. तो शब्द म्हणजे ‘दस्तऐवज’. १९७८ साली ‘बलुतं’ आले, १९७९ साली ‘आठवणींचे पक्षी’, १९८० साली ‘उपरा’. आणि या पुस्तकांचे स्वागत करतानाच एक पाचर मारून ठेवण्यात आली, की हे लेखन सामाजिक दस्तऐवज म्हणून मोलाचे आहे, कलाकृती म्हणून त्याचा विचार नंतर बघू. ते ‘नंतर’ पुष्कळांच्या बाबतीत अजून उजाडलेले नाही. या वादात मला आज पुन्हा शिरायचे नाही. मात्र ज्या गृहीतकावर तो उभा होता, ते मला तपासायचे आहे. दस्तऐवज म्हणजे कलाशून्य, सरळ, निव्वळ माहिती देणारा कागद, असे हे गृहीतक आहे. ज्यांनी ते मांडले त्यांनी खरेखुरे दस्तऐवज कधी वाचले होते काय, अशी मला शंका येते.

मी गेली काही वर्षे इंग्रजी अमदानीतले मुंबई सरकारचे कागद वाचतो आहे. तगाईचे कायदे, दुष्काळी कामांसंबंधीचे हुकूम, धरणे-कालव्यांच्या हकिकती, कातड्याच्या धंद्यावरचे अहवाल आणि सार्वजनिक पाणवठ्यांसंबंधीचे ठराव. इतिहासकार हे कागद आकड्यांसाठी वाचतो. मी ते समीक्षकासारखे वाचले. इथे निवेदक कोण आहे? तो कोणाशी बोलतो आहे? कोणाला नाव आहे आणि कोणाला फक्त संख्या आहे? कादंबरीला आपण हेच प्रश्न विचारतो, मग जाहीरनाम्याला का विचारू नयेत? विचारले तेव्हा दिसले ते असे, की कारागिरी या कागदांत ठासून भरलेली आहे, आणि तिचे पहिले काम आपल्याला वाक्याबाहेर ठेवणे हे आहे.

सुरुवात माझ्या आज्यापासून करतो, कारण जाहीरनामा या वाङ्मयप्रकाराशी आमच्या घराण्याचा संबंध त्याच्यामुळे आला. आजा येसकर होता. येसकरपाळीत जी कामे त्याच्याकडे येत त्यांत दवंडी हे एक काम होते. आमच्या गावात हलगी मांगाची आणि आवाज महाराचा, अशी वाटणी होती. तालुक्याहून कागद यायचा. तो बहुधा आजाच घेऊन यायचा, कारण सरकारी टपाल वाहणे हेही महारकीचेच काम. कुलकर्णी चावडीत बसून तो वाचायचा. आजा पायरीखाली उभा राहून ऐकायचा. त्याला अक्षर ठाऊक नव्हते, म्हणून दोन-तीनदा ऐकून तो शब्द पाठ करायचा आणि मग गावभर पुकारायचा. सगळ्यात शेवटी महारवाड्यात पुकारायची आणि तिथे फार जोर लावायचा नाही, असा रिवाज होता, हे तो हसत सांगायचा. तगाईची दवंडी त्याने किती वेळा दिली असेल याचा हिशेब नाही. तगाई त्याने कधी घेतली नाही. सरकारचा आवाज सरकारचा ऋणको कधीच होऊ शकला नाही. असे का झाले, हे कळायला मला ते कायदे वाचावे लागले.

शेतजमीन सुधारण्यासाठी कर्ज देण्याचा कायदा १८८३ सालचा. विहीर, तळे, ताल, बांध यांसाठी सरकार कर्ज देईल आणि ते जमीनमहसुलाच्या बाकीसारखे वसूल करील, असा त्याचा मतलब. पुढच्याच वर्षी, १८८४ साली, बी-बियाणे आणि बैल यांसाठीचा कायदा आला. दोन्ही मिळून आपल्या खेड्यात ज्याला तगाई म्हणतात ती व्यवस्था उभी राहिली. १८८४ च्या कायद्यात कर्ज कोणाला मिळेल ते लिहिले आहे: लागवडीच्या जमिनीचे मालक आणि कब्जेदार. त्यात हेतू म्हणून संकटनिवारण हा शब्दही आहे. संकट दुष्काळाचे आहे, आणि दुष्काळात पहिला मरतो तो शेतमजूर. पण निवारण होणार ते ज्याच्या नावे जमीन आहे त्याचे. इथे कोणाला मुद्दाम वगळलेले नाही, हेही मान्य केले पाहिजे. कायद्यात जातीचा शब्द नाही. त्याची गरजच नाही. गावाने ते काम आधीच करून ठेवले होते. कायद्याने फक्त ‘मालक’ आणि ‘कब्जेदार’ एवढे म्हणायचे होते.

१८८३ च्या कायद्याचे पाचवे कलम मी पुन्हा पुन्हा वाचले. कर्जाचा अर्ज आला आणि अधिकाऱ्याला योग्य वाटले, तर त्याने जाहीर नोटीस काढावी आणि या कर्जास ज्यांची हरकत असेल त्या सर्वांना ठरल्या दिवशी, ठरल्या जागी हजर राहून हरकत सांगण्यास बोलवावे. हेतू उघड आहे. जमिनीवर कोणाचे गहाण असेल, कोणा भाऊबंदाचा हिस्सा असेल, तर तो आधीच कळावा. कायदा म्हणून यात खोट नाही. पण वाङ्मय म्हणून हे कलम वाचा. अर्जदार अर्ज करून गप्प बसतो. अधिकारी विचार करतो. चालत येणारा, तोंड उघडणारा, बोलणारा असा एकच माणूस या कलमात आहे, आणि तो म्हणजे हरकतदार. ‘सर्व लोकांस’ उद्देशून निघणाऱ्या या नोटिशीचा खरा वाचक हरकत घेणाराच आहे. आता कल्पना करा, की एखाद्या महाराने आपल्या वतनी तुकड्यात विहीर खोदण्यासाठी अर्ज केला आहे, आणि नोटीस लागली आहे ती चावडीत, जिच्या पायरीवर त्याला चढता येत नाही. ती वाचून दाखवणार कोण? हरकत घ्यायला येणार कोण? आणि त्या हरकतीची दवंडी देणार तोच, ज्याचा अर्ज आहे! असे प्रत्यक्ष कुठे किती वेळा घडले ते मी इथे सांगत नाही. नोटिशीची घडणच अशी घडू देणारी आहे, एवढेच म्हणतो.

आणि तारणाचे काय? महाराकडे जी जमीन होती ती बहुतेक वतनी. १८७४ च्या वतन कायद्याच्या पाचव्या कलमान्वये वतनदाराला सरकारच्या परवानगीवाचून आपले वतन, त्याच वतनाच्या वतनदाराखेरीज दुसऱ्या कोणाकडे, स्वतःच्या हयातीपलीकडे गहाण टाकता येत नव्हते की विकता येत नव्हते. शिवाय एकेका तुकड्याला भाऊबंद पन्नास. म्हणजे कागदावर वतनदार, पण पत शून्य. इथे माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट मला नोंदवली पाहिजे. याच कलमामुळे सावकाराला त्या जमिनीवर झडप घालता आली नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यामागे जमिनी हातातून जाण्याची धास्ती होती. महाराची वतनी जमीन त्या वाटेने गेली नाही. ती राहिली, पण जखडून राहिली आणि तिच्या बदल्यात माणूस चोवीस तास गावाचा आणि सरकारचा चाकर राहिला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते नेमके ही गाठ सोडवण्यासाठी. वतनदाराला जमीन सोडवून घेता यावी, आणि बलुत्याच्या भाकरीऐवजी रोख मोबदला मिळावा, ही त्यातली मागणी होती. पुढल्या वर्षी ते मागे घ्यावे लागले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे तगाईचा कायदा होऊन पाऊणशे वर्षे लोटल्यावर.

आता सार्वजनिक बांधकामांकडे वळू. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये दुष्काळी कामे निघाली. तलाव, रस्ते, लोहमार्गाचे भराव. त्यांवर खडी कोण फोडत होते, माती कोण वाहत होते, हे सांगायला विद्वान लागत नाही. पण गॅझेटियर उघडून बघा. पुणे, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांची गॅझेटियरे १८८४-८५ च्या सुमारास कॅम्पबेलच्या देखरेखीखाली प्रसिद्ध झाली. पाटबंधाऱ्यांच्या भागात धरणाची लांबी, उंची, पाण्याचा साठा, खर्च, भिजणारी जमीन, सारे तपशीलवार. लोकवस्तीच्या भागात महार, मांग, चांभार, ढोर. त्यांचे पोशाख, खाणे, लग्ने, मयते, हेही तपशीलवार. एकाच ग्रंथाच्या या दोन भागांमध्ये पूल नाही. धरणाच्या भागात महार नाही आणि महाराच्या भागात धरण नाही. ज्याने माती वाहिली त्याची चालरीत नोंदली गेली, त्याचे काम नोंदले गेले नाही. काम मजुरांच्या हजेरीत गेले, आणि तिथे पुरुष, बायका व मुले एवढेच प्रकार उरले.

नावे मात्र दिली गेली. खडकवासल्याच्या जलाशयाला लेक फाइफ आणि भाटघरच्या जलाशयाला लेक व्हाइटिंग. फाइफ आणि व्हाइटिंग हे इंजिनियर. त्यांचे कर्तृत्व मी नाकारत नाही. पण पाण्याला माणसाचे नाव देता येते, हे ज्या सरकारला सुचले, त्याला ते पाणी कोणी प्यावे हे ठरवण्याचे धैर्य का झाले नाही, हा प्रश्न मला सोडत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

दुष्काळी मजुरीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे जे माप सुचवले, त्यात दिवसभर राबणाऱ्या पुरुषाच्या वाट्याला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे आले. एक पौंड म्हणजे आजच्या हिशेबाने साडेचारशे ग्रॅम. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाला विरोध केला, तो वाद प्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्यात मजुरांनी वाद घातला नाही. ते कामे सोडून चालते झाले. हजारोंनी गेले. त्यांच्या बाजूने पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे लेखी तक्रारी केल्या, त्याचे श्रेय सभेला दिलेच पाहिजे. पण अर्ज उरला आणि निघून जाणे पुसले गेले. अर्जाला सही असते. उपाशी पोटी काम टाकून चालू लागणाऱ्याच्या पावलाला सही नसते. आपल्याकडे विद्रोहाची, नकाराची परंपरा शोधताना आपण कविता धुंडाळतो. १८७७ सालचे ते चालणे मला नकाराच्या वाङ्मयाचे एक पान वाटते. त्यांत अमुक इतके महार-मांग होते असा आकडा मी देत नाही. त्या कागदांनी मजुराला जात लावली नाही आणि नावही लावले नाही.

या संदर्भात जोतीराव फुल्यांना बाजूला ठेवून बोलताच येत नाही. १८८३ साली, ज्या वर्षी तगाईचा पहिला कायदा झाला त्याच वर्षी, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा झाला. जोतीराव स्वतः सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या कामाशी, येरवड्याच्या पुलाशी त्यांचा संबंध आला होता. म्हणजे या खात्याचा आतला कारभार, त्यातली दस्तुरी, कारकुनी जाळे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच ‘असूड’मध्ये पाटबंधारे खात्याविषयी ते जे लिहितात ते दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. पाणीपट्टी घेणारे अधिकारी पाणी शेतकऱ्याच्या पिकापर्यंत पोचते की नाही याची पर्वा करीत नाहीत, हा त्यांचा आरोप आहे. ते उपायही सुचवतात: पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या फावल्या माणसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, डोंगरातले पाणी आणि माती जागेवर मुरवावी, पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध घ्यावा. सरकारी जाहीरनामा ज्या विषयावर बोलतो त्याच विषयावर जोतीराव बोलतात, पण त्यांच्या वाक्याला कर्ता असतो. ‘मंजूर करण्यात आले आहे’, ‘विचार करण्यात येईल’ ही आपल्या सरकारी मराठीची जी कर्ता गिळणारी तऱ्हा आहे, तिच्याशेजारी ‘असूड’चे पान ठेवून बघावे. कोणी खाल्ले, कोणी नाडले, कोणी झोपा काढल्या, हे तिथे थेट येते. मराठी गद्याच्या इतिहासकारांना जोतीरावांची भाषा ओबडधोबड वाटत आली. कर्ता असलेले वाक्य कानाला ओबडधोबडच लागते, विशेषतः कर्ता आपल्यातलाच असला म्हणजे.

उद्योगधंद्यांवरच्या कागदांविषयी थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यातल्या कातडे कमावण्याच्या धंद्यावर १९०३ साली मार्टिन यांची एक पुस्तिका आणि १९१० साली गथरी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ढोर कातडे शिवून त्याची पिशवी करतो, ती टांगतो, बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी तिच्यात भरतो; ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. त्या काळच्या अशा अहवालांचा एक ठराविक सूर असतो: माल चांगला आहे, कारागीर अडाणी आहे. त्यांचा नायक कातडे आहे, माणूस नव्हे. कातडे सुधारावे, निर्यातीला चढावे, यासाठी सल्ले आहेत. १९१९ साली कच्च्या कातड्यावर शेकडा पंधरा निर्यात जकात बसली, तीसुद्धा कारखानदारी आणि साम्राज्य यांच्या हिशेबाने. ज्या धंद्याला हात लावल्याने माणूस बाटतो असे गाव म्हणते, त्या धंद्याचा नफा ज्या क्षणी दिसू लागला त्या क्षणी तो कोणालाच बाटवेनासा झाला. कातड्याचे व्यापारी सगळ्या जातिधर्मांचे झाले. ढोर होता तिथेच कुंडीशी राहिला. या विषयाला स्वतंत्र लेख लागेल.

आता पाण्याचा प्रश्न. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. सप्टेंबरमध्ये सरकारने खातेप्रमुखांना त्याप्रमाणे वागण्याची आज्ञा दिली. १९२६ साली आणखी एक ठराव आला, की जी म्युनिसिपालटी हे पाळणार नाही तिचे अनुदान रोखावे. या कागदांचे मोल मी कमी लेखत नाही. पन्नास वर्षे ‘सार्वजनिक’ हा शब्द सरकार वापरत होते, ‘सार्वजनिक बांधकाम खाते’ नावाचे खातेच होते. पण त्या ‘सर्वजनां’त आम्ही मोडतो की नाही, हे सांगायला एक स्वतंत्र ठराव लागला! शब्दाचा अर्थ लावण्यासाठी कायदेमंडळ भरवावे लागले, असे मराठी भाषेत दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

आणि एवढे करूनही शब्द हलला नाही. महाड म्युनिसिपालटीने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावर तीन वर्षे निवांत पडून होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीने तो ठराव पहिल्यांदा वाचला गेला, असे मी म्हणेन. जे झाले ते सर्वश्रुत आहे: मार, शुद्धीकरण, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिसिपालटीने आपलाच ठराव फिरवला. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. दाव्यातला युक्तिवाद लक्षात घेण्यासारखा आहे: तळे सार्वजनिक नाही, चौधरी लोकांचे आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी आहे. म्हणजे पुन्हा शब्दाचीच लढाई. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने दावा फेटाळला, कारण अशी अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही. न्याय मिळाला, पण किती अरुंद दारातून! पाणी माणसाचे आहे म्हणून नव्हे, तर मनाईचे वय मोजता आले नाही म्हणून.

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, इंग्रज आला नसता तर आपण कुठे असतो. पलटण, शाळा, कोर्ट हे त्याच्यामुळे. यात तथ्य आहे आणि ते सांगायला मी लाजत नाही. पण हिशेब पुरा मांडायचा तर २० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी जी यादी वाचली ती समोर ठेवावी. इंग्रजांपूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आता येते काय? देवळात जाता येत नव्हते, आता येते काय? पोलिसात घेत नव्हते, आता घेतात काय? असे एकेक विचारत त्यांनी साम्राज्याच्या तोंडावर त्याचा ताळेबंद ठेवला. आकडे नव्हते, धरणांच्या लांब्या-रुंद्या नव्हत्या. जाहीरनाम्याची एवढी नेमकी समीक्षा त्यानंतर कोणी केलेली मला माहीत नाही. ती करणारा माणूस इलाख्याइलाख्यांच्या जमाखर्चावर १९२५ साली ग्रंथ लिहून बसलेला अर्थशास्त्रज्ञ होता, हेही विसरू नये.

आमच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती आहे. आत्मकथनांवर प्रबंध पुष्कळ झाले. आता तालुक्यांच्या जुन्या दप्तरांत, मुंबईच्या आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत तगाईच्या नोंदवह्या व अर्ज जेवढे उरले असतील तेवढे काढून बघावेत. अर्जदाराचे नाव, जमिनीचा प्रकार, हरकतदाराचे नाव, हरकतीचे कारण आणि अधिकाऱ्याचा शेरा. वतनी जमिनीवर मंजूर झालेला एक जरी अर्ज सापडला तरी माझे वरचे म्हणणे तेवढ्यापुरते दुरुस्त करावे लागेल, आणि ते मी आनंदाने करीन. माझ्या आज्याच्या तालुक्याचे दप्तर मी शोधले. चावडी पाडून तिथे नवी कचेरी झाली तेव्हा जुने कागद वखारीत गेले आणि तिथे वाळवीने खाल्ले, असे तिथल्या शिपायाने मला सांगितले.